सावली बाजूला घे

माझ्या घरमालकांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "सावली बाजूला घे."

ये नाही, बस नाही, पाणी घेतेस का नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला, जिथे शहर संपतं आणि नुसता वारा सुरू होतो, तिथल्या एका एस्टेटमध्ये, म्हणजे बिल्डरने वसवलेल्या वसाहतीत, मी दोन बॅगा ओढत पोचले होते. नोव्हेंबरचं, म्हणजे इथल्या उन्हाळ्याचं ऊन, घसा कोरडा, बेल वाजवून बोट दुखलेलं. घराला वळसा घालून मागे गेले तर कुंपणाच्या एका सुट्या फळीतून पलीकडे हा सत्तरीचा माणूस गवतात पोटावर पालथा पडलेला दिसला. मला वाटलं, गेलेच. बॅगा टाकून धावत गेले, वाकले, तर मान वर न करता ते हे खेकसले. मी सरकले. म्हणाले, "अजून." मी अजून सरकले.  मी तिथल्या तिथे ठरवलं की या घरात महिन्याच्या वर राहायचं नाही. राहिले मात्र वर्षानुवर्षं, आणि आज त्या घराच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत.

मी त्यांना अंकल म्हणायचे. ते मूळचे वसईचे, केळी आणि मोगऱ्याच्या वाडीवाल्या घरातले. त्यांनी आयुष्य मात्र काढलं विमानांच्या इंजिनांवर, आधी मुंबईत आणि मग इथे. मला ते 'बाय' म्हणत, आमच्याकडे 'अगं पोरी' म्हणतात तसं. उंच, काटकुळे, नाकावर उन्हासाठी पांढरं झिंक क्रीम, आणि गुडघ्यांना टाइल्स बसवणारे बांधतात तसले रबरी पॅड. हे पॅड बांधून ते दुकानातसुद्धा जायचे. एकदा तर तसेच मिसाला गेले आणि फादरनी विचारलं तेव्हा म्हणाले, गुडघे टेकायलाच आलोय ना?

जेवण साडेदहाला. अकरा ते दोन त्यांना रिकामं पोट नको आणि सुस्तीही नको, कारण उन्हाळ्यात त्या वेळेला त्यांचं पाखरू उडायचं.

त्या पाखराचं इंग्रजी नाव सगळे सांगतात तसं ते सांगायचे नाहीत. त्यांनी स्वतःच त्याला नाव ठेवलं होतं, ऊनपाखरू. म्हणायला ते पतंग, म्हणजे मॉथ, पण दिव्यावर झेपावणारं नव्हे. ते भर दुपारीच उडतं आणि ढग आला की जागच्या जागी बसतं. माणसाची सावली पडली तरी बसतं, म्हणून तो जप. पोस्टमन, प्लंबर, शेजारची मांजर, सगळ्यांना त्यांनी सावलीवरून हाकललं होतं. मी पहिल्यांदा ते पाखरू पाहिलं तेव्हा, खरं सांगते, माझा चेहरा पडला. अंगठ्याएवढं, मातकट. मी म्हटलं, अंकल, याच्यासाठी? ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझ्या लंच ब्रेकला त्यांनी मला बोलावून घेतलं. मी एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे, घरूनच, कानावर हेडसेट अडकवून. दुपारी तासभर मोकळी. त्या तासात त्यांनी मला गवतात उकिडवं बसवलं आणि इंजिन उघडून दाखवावं तसं ते पाखरू उघडून दाखवलं, म्हणजे तोंडी. वॉलबी ग्रास नावाचं इथलं गवत आहे, झुपक्याझुपक्यांनी वाढणारं. मादी त्या झुपक्याच्या बुडाशी अंडी घालते. अळी जमिनीत उतरते आणि दोन वर्षं, कधी तीन वर्षं, मुळं खात अंधारात राहते. मग एका उन्हाळ्यात कोष मातीतून अर्धा वर येतो, त्यातून पाखरू बाहेर पडतं, आणि त्याला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात. तोंडच नसतं. खाणं नाही, पिणं नाही.

"तोंड नाही, म्हणून भांडण नाही," अंकल म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काय ते समजले.

नर गुडघाभर उंचीवरून शोधत फिरतो. मादीला पंख असून धड उडता येत नाही. ती जमिनीवर बसून राहते, वाळक्या पानासारखी, कोणाला दिसत नाही. नर वरून गेला की मागचे पंख उघडते, आणि ते पंख भगवे असतात, झेंडूसारखे. बस्स, तेवढंच तिच्या हातात. पण ती झुपक्यांच्या मधल्या मोकळ्या मातीवर बसलेली असेल तरच वरून दिसणार. माती गवताने झाकली गेली की पंख उघडून उपयोग नाही. आणि हा नरही मोठा आळशी, रस्ता ओलांडून पलीकडे जात नाही. एका जागेवरचं संपलं की दुसरीकडून कोणी येत नाही, संपलं म्हणजे संपलं.

"विमानाच्या माणसाला विचार," ते म्हणाले. "मला किती वर्षं वाटायचं, मादीचं डिझाइन चुकलंय. चुकलेलं नाही बाय. तिच्या पोटात जन्मतःच अंडी तयार असतात. एवढं वजन घेऊन उडायचं कशाला? ज्याला गरज आहे त्याने यावं."

ही जागा म्हणजे आमच्या कुंपणापासून पावसाच्या पाण्याच्या नाल्यापर्यंतचा पट्टा. खालून गॅसची पाइपलाइन गेलेली, म्हणून बिल्डरने सोडलेला. दोन-तीन बॅडमिंटन कोर्टं मावतील, जास्त नाही. एकेकाळी क्षितिजापर्यंत असंच गवत होतं म्हणे, आता त्यावर आमची घरं आहेत. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा माणूस हिवाळ्याच्या शेवटी पट्ट्यावर एकदा हलकं मशिन फिरवून गवत खाली आणायचा, आणि लांबलांबून चार-पाच म्हातारे ऑस्ट्रेलियन येऊन अंकलबरोबर तण उपटायचे. मग थर्मासमधला चहा प्यायचे आणि एकमेकांशी जवळजवळ काहीच न बोलता घरी जायचे. मला ते फार आवडायचे.

अंकलच्या स्वतःच्या अंगणात मात्र हिरवळ औषधालाही नव्हती. माती, दगड आणि तेच झुपके. अख्ख्या गल्लीत सगळ्यांचं लॉन विंचरल्यासारखं आणि यांचं अंगण टक्कल पडलेलं. कोणीतरी दर महिन्याला लॉन कापणाऱ्याची जाहिरात यांच्याच पोस्टाच्या पेटीत टाकायचं. अंकल ती पानं चहाच्या कपाखाली ठेवायचे. आंटी, म्हणजे त्यांची बायको, मी येण्याआधीच गेलेली. मी एकदा विचारलं, आंटी असताना पण असंच होतं का? ते उठून आत गेले. मला वाटलं, जुनं दुःख आहे, पुन्हा विचारू नये.

मग ते साथीचं सगळं सुरू झालं. पहिल्या वर्षी आम्ही घाबरून घरात बसलो, मशिनवाला आला नाही, म्हातारे आले नाहीत. गवताला कोणी सांगितलं नव्हतं लॉकडाऊन आहे म्हणून, ते वाढत राहिलं. त्या नोव्हेंबरात एकच नर दिसला, एकाच दुपारी, आणि त्याची नोंद करायलाही कोणी आलं नाही. मादी नाहीच. दुसऱ्या वर्षी पुन्हा घरापासून पाच किलोमीटरची हद्द, पुन्हा कर्फ्यू, आणि पुन्हा मशिनवाला नाही. आता मधली माती दिसेनाशी झाली होती. एक चिवट गवत, जमिनीला चिकटून सरपटणारं, गाठीगाठीला मुळं सोडणारं, आमच्या कुंपणाच्या बाजूने पट्टाभर पसरत चाललं होतं.

एका सकाळी अंकल वसईहून आणलेला विळा घेऊन कुंपणापलीकडे गेले. पाचसहा मुठी कापल्या असतील. मी हेडसेट फेकून धावले तेव्हा ते फळीला धरून उभे होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. फुप्फुसं आधीच अर्धी गेलेली, त्यात ही साथ. त्यांची मुलगी डार्विनला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, हॉस्पिटलमध्ये नर्स. तिकडच्या राज्याच्या सरहद्दी बंद, तिला येता येत नव्हतं. ती रोज मला फोन करायची आणि रोज एकच सांगायची, डॅडीला घराबाहेर पडू देऊ नकोस, माझ्याकडे बेडवर असे कितीजण आहेत ते मी बघतेय. मी तिला शब्द दिला. विळा मी माझ्या पलंगाखाली ठेवला.

अंकलनी विळा शोधला नाही, भांडलेही नाहीत. तेच मला जास्त लागलं. दिवसभर मागच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले की आता जमिनीखाली जे असेल ते दोनतीन वर्षांपूर्वीचं, शेवटचं. यंदा नोव्हेंबरात ते वर येणार. वर आल्यावर बसायला हाताएवढी माती नसेल तर अंडी पडणार नाहीत, आणि मग खाली काहीच उरणार नाही. "अर्धं आयुष्य राखलं बाय, आणि माझ्या डोळ्यादेखत," एवढं बोलून थांबले. पुढचं मला ऐकायचंही नव्हतं.

आणि मग गणपती आले.

एस्टेटमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच रडगाणं होतं. मोदकाची पिठी मिळाली, शाडूची मूर्ती कोणीतरी घरी केली, पण दूर्वा कुठून आणायच्या? इंडियन ग्रोसरीवाला हद्दीच्या बाहेर. आदल्या दिवशी दुपारी मी कामावर असताना मागून अंकलचा आवाज आला. आवाज कसला, गर्जना. बाहेर गेले तर कोपऱ्यावरच्या घरातली नाशिकची वहिनी, मास्क लावून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन गवतात उकिडवी बसलेली, आणि अंकल कुंपणाच्या अलीकडून काठी आपटतायत.  तिने मूठ उघडून दाखवली.

अंकल बघत राहिले. काठी थांबली.

"हे काय आहे?"

"दूर्वा, काका. गणपतीला. एकवीस लागतात."

"हे गवत? हे तुमच्या देवाला चालतं?"

"दुसरं चालतच नाही."

अंकल फळीतून अर्धे बाहेर आले. वहिनीच्या हातात तेच होतं, ते सरपटणारं, गाठीगाठीचं, जे पट्टा गिळत होतं. इथे त्याला काउच म्हणतात आणि रोलने विकतात, लॉनसाठी. त्यांनी विचारलं, एकवीसच का, रोज का नाही? वहिनी म्हणाली, रोजच लागतात, दहा दिवस, आणि एकवीस म्हणजे एकवीस जुड्या. ग्रुपवर किती घरं आहेत? वहिनीने सांगितलं. अंकल मटकन स्टुलावर बसले. मग वकिलासारखे तिला पटवायला लागले की नुसते शेंडे खुडून काय नेता, मुळासकट न्या, कुंडीत लावा, पुढच्या वर्षी कोणाच्या दारी जायला नको. वहिनीला ते लगेच पटलं. आमच्या लोकांना फुकट मिळालेलं रोप आणि तेही देवाचं, म्हणजे मग बघायलाच नको.

ती गेल्यावर अंकल स्टुलावरून उठले नाहीत. मी पाणी दिलं. म्हणाले, "हे मी लावलंय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हे घर घेतलं तेव्हा आंटीला हिरवीगार हिरवळ हवी होती, तिच्या माहेरच्या चर्चसमोर होती तशी. यांनी दुकानातून हेच काउच आणून अंगणभर अंथरलं. आंटी त्यावर खुर्ची टाकून बसायची. पुढे ती गेली, आणि काही वर्षांनी कुंपणाखालून या गवताची मुळी पलीकडे निघालेली दिसली. तोपर्यंत पाखराची ओळख झाली होती. अंकलनी आंटीचं लॉन एका उन्हाळ्यात एकट्याने खणून काढलं. पण पलीकडे जे गेलं ते गेलंच.  इतकी वर्षं मी अंगणाच्या त्या टकलावरून त्यांना चिडवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रुपवर पाळ्या लावल्या. व्यायामाला बाहेर पडायला परवानगी होतीच. एका वेळी एकच माणूस, मास्क लावून, खुरपं घेऊन. अंकल कुंपणाच्या अलीकडे स्टुलावर, नाकाला क्रीम, तोंडाला मास्क, काठीने दाखवतायत: ते नाही, ते काढ, डावीकडे, मुळी तुटू देऊ नकोस. कम्प्युटरवाल्या एका भाऊरायाने एक अख्खा वॉलबी ग्रासचा झुपका उपटून विजयी मुद्रेने वर धरला, तेव्हा अंकलचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याकडून तो पुन्हा लावून घेतला, पाणी घालायला लावलं, आणि तीन दिवस रोज येऊन त्याला बघायला लावलं. तो आला. हौसेने आला. त्या दिवसांत कुठेतरी जायला मिळतंय यालाच लोक तरसले होते.

अर्थात कोणीतरी तक्रार केलीच. मागच्या मोकळ्या जागेत लोक जमतायत म्हणून पोलिसांची गाडी आली. त्या क्षणी खरोखर तिथे एकटी वहिनीच होती, पण दंडाच्या बातम्या रोज ऐकून आमचे सगळ्यांचे प्राण कंठाशी आलेले. अंकल स्टुलावरून उठले आणि त्यांना बोलायला श्वास पुरेना. पोलिसबाईने वहिनीला विचारलं, बाहेर कशाला? वहिनीने पिशवी पुढे केली. बाईने आत बघितलं, एक मुळी उचलली, ताणून बघितली. मग म्हणाली, काउच, माझ्या बॅकयार्डमध्ये मी याच्याशी पाच वर्षं लढतेय. तुम्ही माझ्याकडेही याल का? आणि अंतर ठेवा, मास्क वर घ्या, असं सांगून गेली. वहिनी तिथेच बसली आणि रडली. मीही.

विसर्जन झालं तेव्हा पट्टा कोंबड्या सोडल्यासारखा दिसत होता. ठिकठिकाणी खड्डे, उघडी माती, मध्ये झुपके. मला वाटलं, आपण वाट लावली. अंकल खूश होते. त्यांना जी हाताएवढी माती हवी होती ती मिळाली होती. आता खाली काही उरलंय की नाही, एवढंच बाकी होतं.

नोव्हेंबरात शहर उघडलं आणि चर्चही. मुलीला न सांगता अंकल मिसाला गेले. दोन दिवसांनी मेसेज आला की त्या मिसाला कोणी पॉझिटिव्ह होतं, तुम्ही घराबाहेर पडायचं नाही, आठवडाभर. आणि नेमकं त्याच आठवड्यात कडकडीत ऊन पडलं. मी भाड्याने राहायचे ती मागची खोली वेगळी, स्वतंत्र दाराची, त्यामुळे मी मोकळी. जेवण दाराबाहेर ठेवायचे. दुपारी ते कुंपणाआड स्टुलावर आणि मी पट्ट्यात, त्यांच्या काठीच्या इशाऱ्यावर. एक दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते जेवलेच नाहीत, खोकत होते, टेस्ट मात्र निगेटिव्ह.

आणि त्या दुपारी ट्रॅक्टर आला.

हलकं मशिन नव्हे. मागे हे मोठं पातं लावलेला. चालवणारा एक सरदारजी, माझ्याच वयाचा. वणव्याचा मोसम आला, गवत वाढलंय अशा तक्रारी होत्या, आणि दोन वर्षांचं तुंबलेलं काम ठेकेदाराला एकदम दिलेलं. तो म्हणाला, मॅडम, साइड हो जाओ, पूरा काटना है, कुंपणापर्यंत. मी हातापाया पडायची बाकी राहिले. बिचाऱ्याने ऑफिसला फोन लावून माझ्या हातात दिला. फोनवरच्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या जागेवर दोन वर्षांत पाखरू पाहिल्याची नोंद नाही. आज एक फोटो पाठवा, जिवंत पाखराचा, मी काम थांबवते. नाही तर माझ्या हातात काही नाही.

सरदारजी म्हणाला, मी नाल्याकडून सुरू करतो, तोपर्यंत शोध. एवढंच तो करू शकत होता.

त्याच वेळी ढग आला.

मी गुडघ्यांवर आले. ट्रॅक्टर सुरू झाला. माती, झुपका, माती, झुपका. एका खड्ड्याच्या काठावर तपकिरी सालपट मातीतून अर्धं वर आलेलं दिसलं. कोष, रिकामा. मी ओरडून सांगितलं. अंकल विचारतायत, ओला आहे का वाळका? मला कुठलं कळायला? फोटो पाठवला. बाई म्हणाली, हे यंदाचं कशावरून, पाखरू हवं. ट्रॅक्टरने पहिली फेरी संपवली आणि वळला.

मागे फळी करकरली. बघते तर अंकलचा एक पाय बाहेर.

"मी येतो. तुला दिसत नाहीये. मी येतो."

"अंकल, तुम्ही बाहेर आलात तर मी इथून निघून जाईन," मी म्हटलं. "खरंच जाईन. मग बघा एकटे."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांच्या छातीची शिट्टी मला तिथपर्यंत ऐकू येत होती. आत गेले नाहीत, पण पाय मागे घेतला. फळीला धरून उभे राहिले आणि आभाळाकडे बघायला लागले. मीही बघितलं. ढगाची कड कुंपणावर होती. दुसरी फेरी झाली. तिसरी सुरू झाली. मला आता पात्याखालून उडणारी माती दिसत होती. मी कोषापाशी पालथी पडले, कारण मादी उडत नाही, म्हणजे असली तर इथेच, हाताच्या अंतरावर. काही दिसेना. सगळंच वाळकं, सगळंच मातकट. मनात म्हटलं, गणपतीबाप्पा, एवढ्या दूर्वा खाल्ल्यास, आता काहीतरी कर.

पाठ तापली. म्हणजे ऊन आलं.

आणि गुडघाभर उंचीवर काहीतरी तपकिरी, घाईघाईचं, इकडून तिकडे गेलं. नर. माझ्या डोक्यावरून गेला, वळला, परत आला. माझ्या नाकासमोर, ज्या खड्ड्यातून वहिनीने दूर्वांची मुळी ओढून काढली होती त्याच उघड्या मातीवर, जे मी वाळकं पान समजत होते ते उघडलं. भगवं. झेंडूसारखं भगवं.

पहिला फोटो हलला. दुसराही हलला. तेवढ्यात ट्रॅक्टर बंद झाल्याचं ऐकू आलं आणि पावलं धावत आली. सरदारजीला वाटलं असणार, बाई उन्हाने आडवी झाली. तो माझ्यावर वाकला, मॅडम, मॅडम म्हणत, आणि पाखराने पंख मिटले.

"सावली बाजूला घे," मी म्हटलं.

मान वर केली नाही. मराठीतच बोलले. त्याला कळलं नसणार, पण तो सरकला. "अजून," मी म्हटलं. तो अजून सरकला. नर पुन्हा वरून गेला आणि ती पुन्हा उघडली. तिसरा फोटो स्वच्छ आला.

कुंपणाकडून आवाज येत होता. मला वाटलं, खोकला चढला. अंकल हसत होते. हसता हसता खोकत होते आणि रडत होते, सगळं एकदम, आणि फळीला धरून खाली बसले होते. सरदारजीने फोन लावला, बाईने फोटो पाहिला, काम थांबलं. जाताना तो माझ्या फोनवरचं पाखरू निरखून म्हणाला, बस, इतना सा? मी दोन दिवस न बोलण्याइतकी चिडले नाही, पण कळलं मला, अंकलना तेव्हा काय वाटलं असेल ते. अंकलनी फोटो बघायला मागितलाच नाही. विचारलं एवढंच, किती वर उडत होता?

सरहद्द उघडल्यावर मुलगी आली आणि त्यांना डार्विनला घेऊन गेली. त्यांना जायचं नव्हतं, पण आता एकट्याने राहण्यासारखं शरीर उरलं नव्हतं. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाले, त्या दुपारची अंडी दोन वर्षांनी वर येतील, राखण कर. मशिनवाला आता वेळेवर येतो. गणपतीला लोक अजूनही खुरपं घेऊन येतात. कुंड्यांतल्या दूर्वा केव्हाच वाळल्या, आमच्या लोकांचं बागकाम तेवढ्यापुरतंच. डार्विनहून पुढच्या नोव्हेंबरात रोज दुपारी फोन यायचा. तिकडे पावसाळ्याचं कुंद आभाळ, आणि हे मला विचारायचे, ऊन आहे का?

दोन वर्षांनी, त्याच खड्ड्यापाशी, मी पालथी पडलेली असताना व्हिडिओ कॉल आला. मुलीचा होता. म्हणाली, डॅडींना आता बोलता येत नाही, ऑक्सिजनचा मास्क आहे तोंडावर, पण डोळे उघडे आहेत, दाखव काय असेल ते. पट्ट्यावर त्या दिवशी नर उडत होते. एक नाही, बरेच. मी फोन मातीजवळ नेला. तिथे एक मादी बसली होती, मिटलेली.

पडद्यावर अंकलचा हात वर आला. नुसती हाडं. हात हवेत डावीकडे हलला. मुलगी म्हणाली, काय डॅडी, पाणी? मान हलली नाही. ती रडायला लागली, तिला वाटलं ते निरोप घेतायत. मी मादीकडे बघितलं. फोन पुढे धरताना मी उन्हाच्या आड आले होते.

मी सरकले. हात पुन्हा डावीकडे हलला. मी अजून सरकले.